अन्नपूर्णेहून चितवनला: मधला मोकळा दिवस गाळू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे सहा जण, वयं २८ ते ४६, दिवाळीच्या सुट्टीत अन्नपूर्णा बेस कॅम्पला निघालेत. ट्रेक सिवाई या गावी संपला की त्याच संध्याकाळी जीप करून रात्रीत चितवनच्या जंगलाला लागून असलेलं सौराहा गाव गाठायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे चितवनच्या जंगलात पायी सफारी, दुपारी जीप सफारी, मग लुंबिनी आणि सुनौलीच्या सीमेवरून गोरखपूर. ट्रेकनंतर हातात चार रात्री. दोघांचे आई-बाबा थेट सौराहाला येऊन भेटणार. विचारलंय ते एवढंच, की हे बसतंय का.

कागदावर बसतंय. तरी असं करू नका. ट्रेक संपेल त्या रात्री वाटेतल्या पोखरा शहरातच थांबा, दुसरा अख्खा दिवस तिथेच काहीही न ठरवता घालवा, तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सौराहाला जा आणि उरलेल्या दोन रात्री तिथे काढा. लुंबिनी या वेळी सोडा. पाचवी रात्र कुठून मिळाली तर तीही सौराहालाच द्या. तुमच्या आराखड्यात पून हिलचा फेरा असेल तर तो गाळून ती मिळवता येईल.

मी १८ वर्षं महाराष्ट्रातून नेपाळला ग्रुप घेऊन जातोय आणि या एका दिवसाबद्दल दरवेळी कुणाशी तरी वाद होतो. सुट्टी मोजकी असते, तिकीट महाग असतं, आणि तलावाकाठी नुसतं बसायला कशाला एवढे पैसे खर्च करायचे असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं. त्याची किंमत काय असते ते मी एकदा जवळून पाहिलंय.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तेव्हा चालत नयापूलपर्यंत यावं लागायचं. आम्ही नऊ जण दुपारी तिथे पोचलो, जेवलो आणि थेट सौराहाकडे निघालो. रात्री दीड वाजता लॉजवर पाठ टेकली आणि पहाटे सहाला राप्ती नदी ओलांडून जंगलात शिरलो. तासाभराने एका जुन्या पात्राच्या काठाने चालत असताना पुढच्या गाईडने हात वर केला. वीस-पंचवीस पावलांवर, गवताच्या भिंतीत, गेंड्याची मादी उभी होती आणि तिच्या पोटाशी पिल्लू. गाईडने काही न बोलता डावीकडच्या झाडाकडे बोट दाखवलं. झाड सोपं होतं, कमरेएवढ्या उंचीवर दोन फांद्यांचं बेचकं. आमच्यातल्या एकाने त्यावर पाय ठेवला, अंग वर उचललं आणि त्याची मांडी लुळी पडली. तो खाली बसला तो उठेचना. घाबरून नव्हे, पायात जोरच राहिला नव्हता. मी त्याला काखेत धरून ओढत होतो तेव्हा त्याच्या मांडीचे स्नायू माझ्या हाताखाली उडत होते. मागचा गाईड पुढे आला, त्याने हातातली काठी जमिनीवर जोरजोरात आपटली आणि ओरडला. मादीने फुरफुरत दोन पावलं पुढे टाकली, मग वळली आणि पिल्लाला घेऊन गवतात दिसेनाशी झाली.

कुणाला काही झालं नाही. पण वेळापत्रक माझं होतं आणि चूकही माझीच होती. त्या दिवसापासून ट्रेक आणि जंगल यांच्या मधे एक मोकळा दिवस मी ठेवतोच.

याचं कारण शरीरात आहे. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४१३० मीटरवर, खालचं झिनू गाव साधारण १७८० मीटरवर. बहुतेक ग्रुप हे अंतर दोन दिवसांत उतरतात. म्हणजे सिंहगड लागोपाठ तीन-चार वेळा उतरल्यासारखं, आणि तेही बरंचसं दगडी पायऱ्यांवरून. मधे छोम्रोंगच्या ओढ्यापासून गावापर्यंतची ती उभी चढण आहेच. चढताना दम लागतो, पण स्नायूंचं खरं नुकसान होतं उतरताना. प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराचं वजन तोलायला आवळलेलाही असतो. त्यात त्याचे धागे बारीक बारीक जागी फाटतात. गंमत अशी की हे दुखणं त्याच दिवशी जाणवत नाही. ते वर येतं साधारण २४ ते ७२ तासांत, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सिवाईला जीपमध्ये बसताना सगळे म्हणतात, ‘आम्ही एकदम फिट आहोत.’ दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलचा जिना उतरताना कठड्याला धरून आडवे आडवे उतरतात. तुमच्या आराखड्यात पायी सफारी नेमकी त्याच सकाळी आहे.

चितवनमध्ये पायी जाणं ही काही बागेतली चक्कर नाही. आत शिरण्याआधी गाईड पाच मिनिटं समजावून सांगतात आणि त्यातला शब्दन् शब्द कामाचा असतो. गेंडा अंगावर आला तर झाडावर चढायचं, झाड नसेल तर जाड बुंध्याआड उभं राहायचं, तेही नसेल तर नागमोडी पळायचं आणि अंगावरचं एखादं कापड किंवा पिशवी टाकून द्यायची. त्याची नजर अधू असते, पण नाक आणि कान तीक्ष्ण. टाकलेल्या वस्तूचा वास घ्यायला तो थांबतो. अस्वल दिसलं तर सगळ्यांनी एकत्र गोळा होऊन आवाज करायचा, काठ्या आपटायच्या. वाघ दिसला तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं. यातल्या निम्म्या गोष्टींना धडधाकट पाय लागतात. म्हणून मी पायी सफारी नेहमी शेवटच्या सकाळी ठेवतो.

आता ट्रेकचा शेवट कसा करायचा ते सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिथेच ठरतं.

झिनूला शेवटचा मुक्काम करा. गावापासून अर्धा तास खाली नदीकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. जरूर जा, पण अंधार पडायच्या आत वर या, आणि पाण्यात उतरायच्या आधी आणि नंतर भरपूर पाणी प्या. गरम पाण्यातून उठून ती चढण चढताना चक्कर आलेले लोक मी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी २८७ मीटर लांबीचा झुलता पूल ओलांडला की सिवाईच्या बाजूला जीप मिळते. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना सॅकच्या तळाशी टाकू नका, खाली बिरेठांटीला तपासणी होते. एप्रिल २०२३ मध्ये इथे परवानाधारक गाईड घेऊनच ट्रेक करायचा नियम आला, त्यामुळे गाईड तुमच्याबरोबर असेलच. परवाने त्याच्याकडे ठेवले तरी चालतील.

पोखऱ्याला पोचलात की त्याच संध्याकाळी गाईड आणि पोर्टर यांचा निरोप नीट घ्या. हे थकव्यात उरकून टाकायचं काम नाही. सहा जणांनी आधीच वर्गणी काढून पाकिटं तयार ठेवा आणि प्रत्येकाला त्याच्या हातात द्या. एकाकडे एकत्र रक्कम देऊन ‘वाटून घ्या’ असं म्हणू नका, खालच्या माणसापर्यंत ती तेवढीच पोचेल असं नाही. ज्याने आठ दिवस तुमची पिशवी कपाळावरच्या पट्ट्यावर तोलून नेली त्याच्याशी नाव घेऊन, डोळ्यांत बघून बोला. वयाने मोठ्याला ‘दाइ’, म्हणजे दादा, लॉजवाल्या बाईंना ‘दिदी’. एवढे दोन शब्द ट्रेकभर वापरलेत तर पुढे सौराहातही ते उपयोगी पडतील.

मोकळ्या दिवसात काय करायचं? सकाळी झोपा. उठल्यावर फेवा तलावाच्या काठाने सपाटीवर तासभर रमतगमत चाला. नुसतं पडून राहण्यापेक्षा हलकं चालल्याने आखडलेले पाय लवकर सुटतात. कपडे आदल्या रात्रीच लाँड्रीत टाका, लेकसाइडला संध्याकाळपर्यंत धुऊन, वाळवून मिळतात. भाड्याने घेतलेली डाउन जॅकेटं आणि स्लीपिंग बॅगा परत करा. पायांची नखं, फोड, टाचा उजेडात नीट बघा. काळं पडलेलं नख दुखत नसेल तर त्याला हात लावू नका. फोड फुटला असेल तर धुऊन, औषध लावून बांधा, कारण पुढे नदीकाठच्या चिखलात पाय जाणार आहेत. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घेत असाल तर खाली आल्यावर तिचं काम संपलं. मात्र कुणाला ताप असेल, खोकला वाढत असेल, छातीत दुखत असेल तर ‘थकवा असेल’ म्हणून पुढे ढकलू नका. पोखऱ्यात चांगले डॉक्टर आहेत, सौराहात तेवढी सोय नाही.

आणि पोटाकडे लक्ष ठेवा. आठ दिवस डाळभात आणि लसणाचं सूप खाल्लेला माणूस पोखऱ्यात उतरला की पिझ्झा, मोमो, बिअर, केक असं सगळं एका रात्रीत खातो आणि दुसऱ्या दिवशी सहा तासांच्या बसमध्ये हाल करून घेतो. पहिल्या रात्री वरण-भात, दही खा. मोमो कुठे पळून जात नाहीत.

बसचं म्हणाल तर पोखऱ्याहून सौराहाकडे जाणाऱ्या पर्यटक बस सकाळीच, सात-साडेसातच्या सुमारास सुटतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण रस्त्याच्या कामांमुळे पाच तासही लागतात आणि सातही. ट्रेकच्या दिवशी तुम्ही दुपारनंतर पोचणार, म्हणजे बस मिळणारच नाही आणि रात्रीची जीप करावी लागणार. तिला माझा साफ विरोध आहे. मुग्लिंगपासून नारायणगढपर्यंतचा ३६ किलोमीटरचा रस्ता त्रिशूलीच्या कड्यावरून जातो. एका बाजूला सुटा डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मधे भारताकडून येणाऱ्या मालाच्या ट्रकची रीघ. जुलै २०२४ मध्ये याच रस्त्यावर सिमलतालजवळ पहाटेच्या अंधारात दरड कोसळली आणि दोन प्रवासी बस त्रिशूलीत वाहून गेल्या. ते पावसाळ्यात झालं आणि तुम्ही कोरड्या दिवसांत जाताय हे खरं. तरी सकाळपासून स्टेअरिंगवर असलेल्या ड्रायव्हरला रात्री या रस्त्यावर न्यायचं काहीही कारण नाही.

दिवाळीचं म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. नेपाळमध्ये हेच दिवस तिहारचे. एक दिवस कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा असतात, संध्याकाळी पोरं देउसी-भैलो गात दारोदार येतात. फार सुंदर दिवस असतात. पण आपल्या भाऊबीजेच्या दिवशी त्यांची भाइटीका असते आणि त्या दिवशी गाड्या खूप कमी असतात, कारण प्रत्येक ड्रायव्हर कुणाचा तरी भाऊ असतो. तुमचा बसचा दिवस तिथे येत नाही ना, हे तारखा ठरवतानाच बघा.

बसमध्ये मुग्लिंगनंतर उजवीकडच्या खिडकीशी बसा. सांगतो का ते. बेस कॅम्पपासून खाली येताना सोबतीला जी नदी खळाळत होती ती मोदी खोला. अन्नपूर्णेच्या त्या सगळ्या कोंडाळ्यातलं बर्फाचं पाणी तिच्यात येतं. कुश्माच्या बाजूला ती काली गंडकीला मिळते. ही तीच गंडकी, जिच्यातला शाळीग्राम आपल्याकडे देवघरात असतो. माछापुच्छ्रे शिखराच्या पायथ्याहून येणारी सेती पोखऱ्यातून वाहत जाऊन त्रिशूलीला मिळते. आणि नारायणगढच्या थोडं वर, देवघाटला, काली गंडकी आणि त्रिशूली एकत्र येतात. तिथून पुढे नाव नारायणी. चितवनच्या पश्चिमेची सीमा हीच नारायणी. पुढे बिहारमध्ये तीच गंडक होते. म्हणजे ट्रेकमध्ये ज्या पाण्यात तुम्ही बाटल्या भरल्या तेच पाणी तुमच्या आधी चितवनला पोचलेलं असतं. मी ग्रुपला हे बसमध्येच सांगतो. मग जंगल हे सहलीच्या शेवटी चिकटवलेलं ठिकाण वाटत नाही. चार हजार मीटर वर चाललेली वाट उतरत उतरत गवतापर्यंत आली, असं दिसायला लागतं.

सौराहाची उंची दोनशे मीटरच्या आत. हिवाळ्याच्या तोंडावर दुपारी उकडतं, पहाटे राप्तीवर धुकं असतं आणि होडीत बसल्यावर चांगलीच थंडी वाजते. म्हणून सगळे गरम कपडे पोखऱ्यात देऊन टाकू नका, एक फ्लीस आणि कानटोपी राहू द्या. ट्रेकची लाल-नारिंगी जॅकेटं इथे चालणार नाहीत. मातकट, हिरवे, राखाडी कपडे लागतील, पूर्ण बाह्यांचे. डासांसाठीही ते बरे, कारण पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत नेपाळच्या सखल भागात डेंग्यू असतो आणि त्याचे डास दिवसा चावतात. बूट ट्रेकचेच वापरा. दुर्बीण असेल तर नक्की आणा. ट्रेकमध्ये तिचं ओझं वाटत असेल तर पोखऱ्याच्या हॉटेलात ठेवून जा.

ताडोबा पाहिलेल्यांना चितवन आधी थोडं अनोळखी वाटतं. ताडोब्यात जिप्सीत बसून पाणवठ्यावर वाघाची वाट बघायची सवय असते. इथे वाघ आहेत, २०२२ च्या गणनेत चितवनमध्ये १२८ मोजले गेले. पण नोव्हेंबरात गवत माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच असतं आणि वाघ त्यात दहा पावलांवर असला तरी कळत नाही. स्थानिक लोकांना वर्षातून काही दिवस, जानेवारीच्या सुमारास, घरं शाकारायला हे गवत कापू देतात. मग उरलेलं जाळलं जातं, कोवळे कोंब फुटतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये प्राणी उघड्यावर दिसतात. फक्त वाघासाठी यायचं असेल तर तेव्हा या. दिवाळीत या ते गेंड्यासाठी, नदीसाठी आणि पक्ष्यांसाठी.

गेंडा मात्र दिसतोच, असं मी जवळजवळ खात्रीने सांगतो. २०२१ च्या गणनेत नेपाळमध्ये ७५२ एकशिंगी गेंडे होते आणि त्यातले ६९४ एकट्या चितवनमध्ये. १९६० च्या दशकाच्या शेवटी इथे जेमतेम शंभर उरले होते. त्याआधी हिवतापामुळे या खोऱ्यात मूळचे थारू लोक सोडले तर फारसं कुणी राहत नव्हतं. १९५० च्या दशकात फवारणी करून हिवताप हटवला, डोंगरातली माणसं शेतीसाठी खाली उतरली आणि जंगल झपाट्याने तुटलं. १९७३ मध्ये हे नेपाळचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे सैन्याचा पहारा बसला, १९८४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत ते आलं. १९९६ ते २००६ च्या माओवादी यादवीच्या काळात शिकारीमुळे संख्या पुन्हा घसरली आणि पुन्हा सावरली. धुक्यातून राप्ती ओलांडणारा गेंडा बघताना हे माहीत असलं तर बघण्यात फरक पडतो.

तुमच्यासाठी मी दिवस असे लावेन. पोचाल त्या दुपारी जेवून विसावा घ्या आणि चार वाजता राप्तीच्या काठी जा. पलीकडच्या तीरावर बहुतेक वेळा गेंडा चरताना दिसतो. वाळूत भगव्या रंगाची बदकं जोडीने बसलेली असतील, ते चक्रवाक. उन्हाळ्यात हिमालयापलीकडच्या तळ्यांवर असतात आणि हिवाळ्यात खाली उतरतात. भिगवणला उजनीच्या पाण्यावर आपण बघतो तेच हे पक्षी.

दुसरा दिवस पूर्ण जीप सफारीला. अर्ध्या दिवसाची जीप घेऊ नका. चार तासांत ती जवळच्याच रस्त्यांवर फिरवून आणते. पूर्ण दिवसाची साल वृक्षांच्या जंगलातून आत, उद्यानाचं मुख्यालय असलेल्या कसराच्या बाजूला जाते. तिथे सुसरींचं प्रजनन केंद्र आहे, १९७८ पासूनचं. पाय दुखत असले तरी हा दिवस बसून जातो, आणि आई-बाबांनाही हा झेपतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे डुंगा आणि मग पायी. डुंगा म्हणजे सावरीच्या एका अखंड खोडातून कोरलेली होडी. आत लहान लाकडी पाट टाकलेले असतात, पाठीला आधार नसतो आणि काठ पाण्यापासून चार बोटं वर. एकामागे एक बसायचं, बोलायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही. मागचा माणूस बांबूने होडी ढकलत असतो, त्या बांबूवरून निथळणाऱ्या पाण्याखेरीज आवाज नसतो. धुकं विरळ व्हायला लागलं की वाळूच्या कडेला ओंडक्यासारखं काहीतरी दिसतं आणि मग कळतं की ती सुसर आहे. लांब, अरुंद जबडा, फक्त मासे खाणारी. मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर मडक्यासारखा उंचवटा असतो, त्या घड्यावरून तिकडे तिला घडियाल म्हणतात. मगर तिच्याहून बसकी, रुंद तोंडाची. दोन्ही एकाच नदीत आहेत, तेव्हा हात आत.

उतरल्यावर दीड-दोन तासांची पायी चक्कर पुरे. दोन गाईड हवेतच, एक पुढे, एक मागे. एकट्या गाईडबरोबर जाऊ नका, तो कितीही अनुभवी असला तरी. इथे तुम्हाला एक सवय सोडावी लागेल. ट्रेकमध्ये आठ दिवस ‘आज कुठपर्यंत, किती तास, किती उंची’ एवढंच डोक्यात होतं. इथे कुठेच पोचायचं नाही. मागच्या वर्षी एका गाईडदाईने आम्हाला गेंड्याच्या शेणाच्या ढिगाशी वीस मिनिटं थांबवलं. गेंडे पुन्हा पुन्हा त्याच जागी शेण टाकतात, त्यामुळे ढीग गुडघ्याएवढा होता. वरचा थर ओला, वाफाळणारा. खालचा जुना, भुश्यासारखा. त्या जुन्या थरातून बोटाएवढी कोवळी रोपं वर आली होती. भेल्लर नावाच्या झाडाची फळं गेंडे पावसाळ्यात खातात, बिया इथे पडतात आणि खताच्या ढिगावर उगवतात. दाईने एक रोप दोन बोटांनी हलकेच सरळ केलं, बाजूची माती दाबली आणि पुढे झाला. त्या सकाळी आम्हाला गेंडा दिसला नाही. घरी परतल्यावर ग्रुपमधली मुलं त्या ढिगाबद्दलच बोलत होती.

हत्तीवर बसून सफारी तुम्हाला विचारली जाईल. घेऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाळीव हत्तींचे दिवस साखळदंडात जातात आणि पाठीवर चौघांना घेऊन रोज चालणं त्यांच्या अंगाला परवडत नाही. गेंडा जीपमधूनही दिसतो, नदीकाठूनही दिसतो. आणि रात्री सौराहाच्या रस्त्यावर गेंडा आलाय असा गलका झाला तर गच्चीवरून बघा. तो गावात फिरतो म्हणून माणसाळलेला नसतो. मोबाइल घेऊन त्याच्यामागे धावू नका.

एका संध्याकाळी थारू घरातलं जेवण सांगून ठेवा. ढिक्री हा तांदळाच्या पिठाचा वाफवलेला प्रकार, आपल्या मोदकाच्या पारीसारखी त्याची चव ओळखीची वाटेल. घोंगी म्हणजे नदीतल्या गोगलगाईंचा रस्सा, शंखातून चोखून खायचा. शाकाहाऱ्यांनी आधी सांगावं, म्हणजे यजमानांची धांदल होत नाही.

आता आई-बाबांचं. तेच लुंबिनी करू देत. ते गोरखपूरहून सुनौलीमार्गे येणार असतील तर सीमेजवळच्या भैरहवापासून लुंबिनी २२ किलोमीटर आहे. तिथे एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी सौराहाला यावं, म्हणजे त्यांचाही लांबचा प्रवास दोन तुकड्यांत होईल. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट बरोबर असू द्या, नुसत्या आधारच्या भरवशावर निघू नका. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा ठरलेला दर आहे. शंभरपर्यंतच्या भारतीय नोटा सगळीकडे घेतात, मोठ्या नोटांवर विसंबू नका. आई-बाबांना जीप आणि नदीकाठची संध्याकाळ पुरे. पायी सफारीला त्यांना नेऊ नका, कारण वर सांगितलंच. गुडघे दुखत असतील तर डुंगाही नको, त्यात बसताना-उठताना फार खाली वाकावं लागतं. त्या वेळात त्यांना तीन-चाकी रिक्षातून गावात फिरवून आणा, मातीने लिंपलेल्या थारू घरांच्या भिंतींवरची नक्षी बघत त्यांची सकाळ छान जाते.

परतताना सौराहाहून अकरापर्यंत निघालात तर संध्याकाळी सुनौली आणि तिथून साधारण शंभर किलोमीटरवर गोरखपूर रात्री येतं. या रस्त्याचंही काम चालू असतं, त्यामुळे त्याच रात्रीची गाडी पकडायचा धोका पत्करू नका. गोरखपूरहून मुंबई-पुण्याकडे थेट गाड्या आहेत, दुसऱ्या दिवशीची काढा. सकाळची पायी चक्कर लांबली तरी मग कुणी घड्याळाकडे बघणार नाही.

सहा जणांपैकी कुणाला गुडघ्याचा जुना त्रास असेल तर तो कुठला ते मला कळवा, उतरणीसाठी काठ्यांची उंची आणि गुडघ्याचा पट्टा यांबद्दल वेगळं लिहितो. आणि पोखऱ्यातली दुसरी रात्र आजच बुक करा. तिहारात लेकसाइडच्या खोल्या लवकर भरतात.